थंडीचा चटका

“थंडीचाच चटका आहे ना गं हा?”

दाजींनी पान माझ्यासमोर धरलं. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्रापासून तीन मैल आत, एका उतारावर आम्ही दोघं उभे होतो. वारा असा की एवढंसं पान धरायला त्यांना दोन्ही हात लागत होते. मी ते घेतलं. टोकाकडून मधल्या शिरेकडे सरकत आलेला काळपट तपकिरी डाग, कड पुसट आणि ओलसर.

“बघते,” मी म्हटलं.

“चार-पाच झुडपांवरच आहे. मार्च संपता संपता कडाका पडला होता दोन दिवस. त्यातलंच असणार.”

उत्तर त्यांनी स्वतःच देऊन टाकलं होतं. मी नुसती मान हलवायची होती. पण थंडीचा चटका वरच्या कोवळ्या पानांना बसतो, वाऱ्याच्या तोंडावरच्या झुडपांना बसतो. हे पान खालचं होतं, आडोशातलं. मी ते रुमालात गुंडाळून खिशात घातलं. दाजी पुढच्या ओळीकडे गेलेसुद्धा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सदाशिव नेसरीकर. मूळचे गडहिंग्लजकडचे. कुन्नूरला चहाच्या एका कारखान्यात बावीस वर्षं टी-मेकर होते. मळून आंबायला पसरलेल्या पानावर तळहात ठेवून, आता भट्टीत घाला किंवा अजून दहा मिनिटं थांबा, असं सांगणारा माणूस. अक्का तिथल्याच दवाखान्यात नर्स. पुढं आयर्लंडला नर्सेसची भरती निघाली, अक्काची निवड झाली आणि दाजी नोकरी सोडून तिच्याबरोबर गेले. तिथं त्यांना करायला काही नव्हतं. अक्का ड्यूटीवर, मुलगा हॉस्टेलवर आणि हे घरात.

मग नुआला भेटली. गावातल्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, लग्न न केलेली, साठीची. अक्काच्या वॉर्डात तिची आई शेवटच्या दिवसांत होती, तेव्हाची ओळख. तिच्या मालकीचा हा पाच एकरांचा उतार मेंढ्यांखेरीज कशाच्या उपयोगाचा नव्हता. दाजींनी तिथली माती चिमटीत घेऊन हुंगली, जिभेवर ठेवली आणि म्हणाले, “इथं चहा येईल.” त्या देशात तोवर चहा फक्त प्यायला जायचा. कुणी लावत नव्हतं. गावातले लोक हसले. नुआला हसली नाही. “लाव,” म्हणाली, “बघू तरी.”

जॉर्जियातून मागवलेल्या बियांची पहिली रोपं वाऱ्यानं नेली. दुसऱ्या खेपेची निम्मी गेली. मग दाजींनी आणि नुआलानं दर शनिवारी दगड वाहून वाऱ्याच्या बाजूला भिंत रचली. दोन वर्षं लागली भिंतीला. गोठ्याचा कारखाना केला. पानं कोमेजवायला गोणपाटाच्या चौकटी, मळायला दाजींचे हात आणि वाळवायला एक जुनी पावाची भट्टी. आठव्या वर्षी झुडपं कमरेपर्यंत आली आणि पहिली खरी खुडणी ठरली. त्यासाठीच मला बोलावलं होतं. कोकणातल्या शेतकी कॉलेजात मी वनस्पतींचे रोग शिकवत होते आणि दाजींना त्याचा कोण अभिमान. भेटेल त्याला सांगायचे, “ही माझी मेव्हणी. झाडांची डॉक्टर.”

घरी आल्यावर मी अक्काच्या टोपलीतलं एक हिरवं सफरचंद घेतलं. मला ज्या बुरशीची शंका होती, ती कच्च्या सफरचंदात चांगली वाढते. चाकूच्या टोकानं चार भोकं पाडायची, पानाच्या डागाचे तुकडे त्यात सारायचे, वरून चिकटपट्टी लावायची. चार-पाच दिवसांत भोकाभोवती तपकिरी आणि घट्ट, दाबलं तरी न पिचणारा डाग पडला की ओळखायचं. पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते. पण शंकेला एवढं पुरतं. सफरचंद मी माझ्या खोलीच्या खिडकीत, पडद्याआड ठेवलं.

पाच दिवस आम्ही पानं खुडली. दोन पानं आणि कळी. दाजी मला पुन्हा पुन्हा दाखवत, जसं काही मी आयुष्यात चहाचं झाड पाहिलंच नव्हतं. खुडताना ते गुणगुणायचे. सुराला अगदीच वाईट. अक्का म्हणाली, “आयर्लंडला आल्यापासून पहिल्यांदा ऐकतेय मी हे.”

सहाव्या दिवशी दुपारी अक्का ड्यूटीवरून आली ती थेट माझ्या खोलीत. चादरी बदलायला आली असावी. मी आत गेले तेव्हा सफरचंद तिच्या हातात होतं.

“हे काय चिकटवून ठेवलंयस?”

मी ते घेतलं. चारही भोकांभोवती रुपयाएवढे डाग. अंगठ्यानं दाबलं. घट्ट होते.

“अक्का, बस जरा.”

ती पलंगावर बसली. पायांत अजून दवाखान्यातले पांढरे बूट होते. मी तिला सांगितलं. पावसाच्या थेंबांबरोबर उडणारी ही बुरशी आहे, या देशात हिच्यापायी टेकड्याच्या टेकड्यांवरची झाडं तोडली गेलीत, चहाच्या कुळातल्या झाडांवरही ही वाढते, आणि कळल्याबरोबर सरकारला कळवायचं असा कायदा आहे.

“किती झाडं जातील?”

“सगळी.”

“चार-पाच झुडपांवर आहे म्हणत होते ना हे?”

“दिसतंय चार-पाचांवर.”

अक्कानं वाकून एका बुटाची नाडी सोडली. मग म्हणाली, “शनिवारी डब्लिनचा तो केलेहर येतोय.”

केलेहर हा चहाचा मोठा व्यापारी. सहा महिने दाजी त्याला पत्रं लिहीत होते.

“अक्का, अशा गोष्टीत एक दिवससुद्धा—”

“तू माझं ऐक आधी. कुन्नूरला ह्यांच्या हाताखाली साठ माणसं होती. माझ्या नोकरीपायी ते सगळं सोडून आले. इथं आल्यावर वर्षभर खुर्चीत बसून होते. एकदा सकाळी मी मोजे ह्यांच्या हातात दिले आणि ड्यूटीला गेले. संध्याकाळी आले तर त्याच खुर्चीत. एक मोजा पायात, एक हातात. नऊ तास, कालिंदी. तू ते बघितलेलं नाहीस.” तिचा आवाज वाढला नव्हता. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं ती बोलत होती. “एकदा कुणीतरी जाणत्या माणसानं त्यांचा चहा पिऊन चांगला म्हणू दे. एकदाच. मग रविवारी मी स्वतः सांगते त्यांना. तुझ्यावर काही येऊ देणार नाही.”

“दोन दिवसांचा प्रश्न आहे फक्त?”

“दोनच दिवस.”

मी हो म्हटलं. अक्कानं सफरचंद नेऊन स्वयंपाकघरातल्या शेगडीत टाकलं. थोड्या वेळानं दाजी आत आले, नाक वर करून म्हणाले, “काय गोड वास सुटलाय! काय करताय दोघी?”

जेवताना त्यांनी विचारलं, “मग डॉक्टर, काय निकाल त्या पानाचा?”

“थंडीच आहे, दाजी.”

“बघ, म्हणालो नव्हतो?” ते अक्काला म्हणाले आणि आमटी ओरपली.

शनिवारी ऊन होतं. तिथं तेही नवल. केलेहर उंच, वाकलेला, फारसं न बोलणारा गृहस्थ होता. गोठ्यात दाजींनी पांढऱ्या कापडावर पाच पेले मांडले होते. तो एकेका पेल्यावर वाकायचा, वास घ्यायचा, चमच्यानं भुरका मारायचा आणि पुढं सरकायचा. तिसऱ्या पेल्याशी थांबला. परत मागं आला. पुन्हा भुरका मारला. दाजी भिंतीला टेकून उभे होते, हात पाठीमागं. परीक्षेच्या निकालाला मुलं उभी राहतात तसे.

“हा कोणत्या उताराचा?” केलेहरनं विचारलं.

“भिंतीलगतचा. खालच्या ओळींचा.”

“चाळीस वर्षं मी चहा पितोय,” तो म्हणाला. “ही चव मला कुठं ठेवावी कळत नाही. कुठल्याच चहासारखी नाही ही. जेवढा कराल तेवढा मला द्या.”

दाजींनी मान डोलावली. एवढंच. मग बाहेर जाऊन गोठ्यामागं उभे राहिले. अक्का त्यांच्यामागं गेली नाही. मला म्हणाली, “राहू दे एकटं.”

केलेहरची गाडी गेली आणि तासाभरात फाटकातून नुआलाची गाडी आत आली. मागं छोटा ट्रेलर जोडलेला. मी अक्काकडे पाहिलं. अक्का ट्रेलरकडे पाहत होती.

“आज शनिवार ना!” दाजी म्हणाले. “तुला सांगायचं राहिलंच, कालिंदी. साठ रोपं ठेवलीत हिच्यासाठी. हिचीच जमीन, हिनंच दगड वाहिले, आणि हिच्या दारात चहाचं एक झुडूप नाही! आजोबांच्या बागेशेजारी जागा तयार केलीय हिनं.”

नुआलाच्या आजोबांची बाग मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहिली होती. शंभर वर्षांचे ऱ्होडोडेंड्रॉन, घरापेक्षा उंच. जुने कॅमेलिया, चहाच्याच कुळातले. त्या दिवसांत जमिनीवर लाल पाकळ्यांचा सडा असायचा आणि लांबून माणसं बघायला यायची. त्यातलं जवळजवळ प्रत्येक झाड या बुरशीला चालणारं होतं.

रोपं दुसऱ्याच्या जागेत द्यायची तर ती निरोगी असल्याचा कागद देणाऱ्यानं सही करून द्यायचा, असा तिथला नियम. दाजींनी कागद ट्रेलरच्या कडेवर ठेवला. लिहिता लिहिता नुआलाला म्हणाले, “एरवी मलासुद्धा धाकधूक वाटली असती. यंदा डॉक्टरच घरी आहे.”

नुआला माझ्याकडे बघून हसली. “तुम्ही बघितलीत ना रोपं?”

रोपं भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या छपराखाली वाढली होती. तिथून डागाळलेली झुडपं वीस पावलांवर होती. मी रोपं पाहिली नव्हती. इतक्या दिवसांत मी त्या छपराखाली गेलेच नव्हते. आता ते ध्यानात आलं.

मी पुन्हा अक्काकडे पाहिलं. ती खाली वाकली आणि तिनं पहिला ट्रे उचलून ट्रेलरमध्ये ठेवला.

“पाहिलीत,” मी म्हटलं.

दाजींनी सही केली. मग आम्ही चौघांनी मिळून साठ रोपं चढवली. दोन-तीन ट्रे मीही दिले.

सोमवारी माझं विमान होतं. रविवारी अक्का दाजींना काही बोलली नाही. विमानतळावर सोडताना ती म्हणाली, “या आठवड्यात सांगते.” मी म्हटलं, “सांग.” घरी पोचल्यावर मी तिला फोनवर विचारलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. मला वाटत होतं, कदाचित माझीच चूक असेल, प्रयोगशाळेत तपासलंय कुठं? असं वाटायला मन तयारच असतं.

जूनमध्ये नुआलाच्या कॅमेलियांची पानं काळी पडून गळायला लागली. तिनं स्वतःच सरकारी माणसांना बोलावलं. ती शिक्षिका होती, नियमाची बाई. त्यांनी तिची बाग तपासली, मग रोपं कुठून आली ते विचारलं, मग दाजींचा उतार तपासला. जुलैत हुकूम निघाला. नुआलाची बाग तीन दिवसांत तोडली. दाजींना अधिकारी म्हणाले, माणसं आम्ही आणतो. दाजी म्हणाले, नको. पाच एकरांतलं एकेक झुडूप त्यांनी स्वतः उपटलं आणि रचून पेटवून दिलं. ओली झाडं, लवकर पेटेनात. हे मला अक्कानं फोनवर सांगितलं. आग चालू असताना नुआला तिथं आली होती. भिंतीपाशी उभी राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, “सदा, तुला माहीत होतं?”

“नाही,” दाजी म्हणाले. “कालिंदीनं बघितलं होतं. थंडी आहे म्हणाली. तिची चूक झाली असेल. माणसाची होते.”

नुआलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता, असं अक्का म्हणाली.

पंधरा दिवसांनी मला कॉलेजच्या पत्त्यावर तिथल्या अधिकाऱ्याचा ईमेल आला. अगदी सभ्य भाषेत. श्री. नेसरीकर सांगतात की एप्रिलमध्ये आपण लक्षणं पाहिली आणि थंडीचा परिणाम असल्याचं सांगितलं. हे बरोबर आहे का? आपण काय सल्ला दिला होता, कृपया कळवावं.

त्या वर्षी मी विभागप्रमुख होणार होते. परदेशातून येणाऱ्या रोपांवर नजर ठेवणाऱ्या एका समितीसाठी माझं नाव गेलं होतं. चूक झाली असं लिहिता आलं असतं. पण या विषयावर माझे दोन निबंध प्रसिद्ध झालेले होते, त्यांत हेच डाग होते, फोटोसकट. चूक झाली यावर कुणी विश्वास ठेवला नसता. आणि खरं लिहायचं तर अक्काचंही नाव लिहावं लागलं असतं. मी स्वतःला हे शेवटचं कारण सांगितलं. बाहेर व्हरांड्यात पोरं प्रॅक्टिकलची वाट बघत कालवा करत होती. मी तीन ओळी लिहिल्या.

‘लक्षणं संशयास्पद वाटल्याने प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याचा स्पष्ट सल्ला मी श्री. नेसरीकर यांना तोंडी दिला होता. थंडीचा परिणाम असल्याचं मी म्हटलेलं नाही. अधिक माहिती लागल्यास कळवावे.’

पाठवून वर्गावर गेले.

माझं उत्तर अधिकाऱ्यांनी दाजींना त्यांच्याच घरी बसून वाचून दाखवलं. जमीनमालक म्हणून नुआलालाही बोलावलं होतं. त्यावर निष्कर्ष निघाला तो असा, की रोग असल्याचा इशारा मिळूनही श्री. नेसरीकर यांनी व्यापारी येईपर्यंत तो दडवला आणि खोट्या कागदावर सही करून रोपं दुसऱ्याच्या बागेत पाठवली. गावच्या साप्ताहिकात ते छापून आलं. त्यांना त्या देशात पुन्हा कुठलंही रोप विकायला किंवा लावायला बंदी झाली. नुआलानं जमीन परत मागितली नाही. काहीच मागितलं नाही. फक्त दुकानात, चर्चपाशी, रस्त्यात, कुठंही दाजी दिसले की ती दुसऱ्या बाजूला बघायची.

“तू काय लिहिलंस ते मी ऐकलं,” अक्का फोनवर म्हणाली. “मी तिथंच होते.”

“तू काही बोललीस?”

पलीकडून नळ चालू असल्याचा आवाज येत होता. मग तिनं तो बंद केला.

“मी काय बोलू?” ती म्हणाली. “सफरचंद मी जाळलं, असं?”

त्यानंतर आम्ही दोघी सणासुदीला बोलायचो. तब्येत, हवा, मुलाची नोकरी.

अडीच वर्षांनी अक्कानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ती दोघं गडहिंग्लजला परत आली. एस.टी. स्टँडच्या मागं फ्लॅट घेतला. मी चार महिने टाळलं. शेवटी एका रविवारी गेले. दार दाजींनी उघडलं. मला वाटलं होतं, ते तोंड फिरवतील. त्याची मी तयारी करून आले होते. प्रवासभर वाक्यं जुळवत होते. आज सांगून टाकायचं, असंही एका ठिकाणी ठरवलं होतं.

“ये, ये,” ते म्हणाले. “किती वाळलीस गं.”

वाळले ते होते. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. अक्का पाणी घेऊन आली. आम्ही तिघं बसलो. पावसाचं बोललो, उसाचं बोललो. मग दाजींनी घसा साफ केला.

“तुझी माफी मागायची होती, कालिंदी.”

“माझी?”

“तिथं मी तुझं नाव पुढं केलं. तू थंडी म्हणालीस, असं सांगितलं मी. तुझ्या कॉलेजपर्यंत गेलं ते. पण शपथेवर सांगतो, मुद्दाम खोटं बोललो नाही. मला तसंच ऐकल्यासारखं वाटत होतं.” ते थांबले. “मग ते पत्र वाचलं त्यांनी. पहिल्यांदा वाटलं, हे कसं शक्य आहे? पण तू कशाला खोटं लिहिशील? म्हणजे मीच ऐकलं नाही. केलेहर यायचा होता ना. मला दुसरं काही ऐकायचंच नसणार. माणूस असं करतो. जे हवं तेवढंच कानात घेतो. नुआलाची बाग त्यात गेली.”

अक्का उठली. मला वाटलं, ती आत जाईल. पण ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

“एक विचारू?” दाजी पुढं सरकले. त्यांचे गुडघे माझ्या खुर्चीला लागले. “अडीच वर्षं मी हेच आठवत बसतो. तू तपासून घ्या म्हणालीस, ते कुठं उभी राहून म्हणालीस? काही केल्या आठवत नाही. ते एकदा आठवलं ना, तर मला जरा शांत वाटेल. मग मला निदान कळेल, की हो, हिनं सांगितलं होतं आणि आपण चुकलो. आता नुसतं मधेच लोंबकळल्यासारखं होतं बघ. डॉक्टरनी गोळ्या दिल्यात, पण गोळ्यांनी कुठं आठवतं? सांगशील? कुठं होतो आपण?”

अक्का वळली नाही. तिच्या पाठीचं एक हाडसुद्धा हललं नाही.

“भिंतीपाशी, दाजी,” मी म्हटलं. “वरच्या टोकाला. तिसऱ्या दिवशी, खुडणी संपल्यावर.”

त्यांनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, आणि मग हळूहळू चेहरा सैल झाला.

“वरच्या टोकाला,” ते म्हणाले. “हां. बरोबर. आता दिसतंय.” त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. “तुझ्या डोक्यावर तो निळा रुमाल होता. आणि दोनदा सांगितलंस तू मला. दोनदा.”